हेडचे दहा बोल्ट आणि दोन आठवड्यांची वाट

५ ऑक्टोबर २०२५ च्या रविवारी कोल्हापूरहून पन्हाळ्याला जाताना वाघबीळच्या पुढच्या चढावर गाडीचा तापमानाचा काटा नेहमीची मधली जागा सोडून हळूहळू वर सरकू लागला. मी एसी बंद केला, हीटर पूर्ण सुरू केला, खिडक्या उघडल्या आणि सावली पाहून गाडी कडेला घेतली. तीनच दिवसांपूर्वी दसऱ्याला गाडीची आणि हत्यारांच्या पेटीची पूजा केली होती. झेंडूची माळ अजून पुढच्या जाळीवर होती. चाळीस मिनिटे थांबून, रेडिएटर हाताला सोसेल इतका निवल्यावरच झाकण उघडले, तेव्हा आत जवळपास एक लिटर कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव, कमी भरले. गाडीखाली मात्र एक थेंबही नव्हता. सोबतचे पिण्याचे पाणी भरून आम्ही तिथूनच मागे फिरलो. कमी झालेले कूलंट बाहेर कुठे दिसत नसेल, तर ते इंजिनाच्या आतच जात असण्याची शक्यता असते, आणि तेव्हा पहिला संशय सिलिंडर हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, आणि खालचा ब्लॉक यांच्यामध्ये बसणाऱ्या गॅस्केटवर घ्यावा लागतो.

मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. तेल बदलणे, ब्रेक पॅड बदलणे आणि एकदा वॉटर पंप बसवणे, यापलीकडे गाडीच्या कामात मी कधी गेलो नव्हतो. पुढच्या पंचवीस दिवसांत मात्र घराच्या आवारात हेड उतरवून ते पुन्हा बसवण्याचे काम मी पूर्ण केले. त्यात मला सगळ्यांत जास्त अडवून धरले ते हेडच्या दहा बोल्टांनी. या बोल्टांबद्दल मराठीत सविस्तर लिहिलेले मला काही सापडले नाही, त्यामुळे तारखा, खर्च आणि मनात आलेल्या शंकांसह सारे लिहून ठेवतो आहे.

पहिला आठवडा खात्री करून घेण्यात गेला. सकाळी थंड इंजिन सुरू केल्यावर सायलेन्सरच्या नळीतून पांढरा, किंचित गोडसर वासाचा धूर येत होता आणि तेलाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला साईसारखा थर जमला होता. एका परिचितांकडून तपासणीचे निळे द्रावण मिळाले. रेडिएटरच्या तोंडावर ते धरून इंजिन चालवले, की कूलंटमध्ये ज्वलनाचे वायू मिसळत असल्यास पेट्रोल इंजिनाच्या बाबतीत त्याचा रंग पिवळा होतो. माझ्याकडे तो दोन मिनिटांत पिवळा झाला. मग कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो ते, मोजले. पहिल्या आणि चौथ्या सिलिंडरमध्ये १७८ आणि १७४ पीएसआय आले, तर दुसऱ्यात ९६ आणि तिसऱ्यात ९२. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकाच वेळी इतके खाली येतात, तेव्हा त्यांच्या मधल्या अरुंद पट्टीत गॅस्केट फुटलेले असण्याची शक्यता सर्वांत जास्त असते.

९ तारखेला जवळच्या गॅरेजमध्ये अंदाज विचारला, तो बावीस हजार रुपयांचा निघाला. आकडा मला फारसा खटकला नाही. मी एकच प्रश्न विचारला, की हेडचे बोल्ट नवे घालणार का. उत्तर आले, "सर, बोल्ट कुठं खराब झाल्यात? धुऊन घालतो की." ते मेकॅनिक प्रामाणिक आहेत आणि त्यांचा हात चांगला आहे, हे मला ठाऊक आहे. पण आदल्या रात्री मी माझ्या गाडीचे दुरुस्तीपुस्तक वाचले होते आणि त्यात हेडच्या पानावर चौकटीत एक ओळ होती, की हे बोल्ट एकदा सोडले की पुन्हा वापरू नयेत. त्याच पानावर आवळण्याची रीत दिली होती: आधी ३० न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे पिळाचा जोर, मग ९० अंश फिरवणे, मग पुन्हा ९० अंश.

ही रीत पाहिली आणि दरवर्षी अकरावीच्या वर्गात फळ्यावर काढतो तो आलेख माझ्या डोळ्यांपुढे आला. पोलादी तारेवर भार वाढवत गेलो की सुरुवातीला ती भाराच्या प्रमाणात लांबते आणि भार काढला की पूर्ववत होते; आलेखाची ही सरळ चढती रेषा. एका मर्यादेनंतर, म्हणजे यील्ड पॉइंटनंतर, रेषा आडवी होऊ लागते. तिथून पुढे तार लांबत जाते, पण तिच्यातला ताण फारसा वाढत नाही, आणि भार काढल्यावर ती मूळ लांबीवर परत येत नाही. आजच्या अनेक इंजिनांतले हेडचे बोल्ट मुद्दाम या आडव्या भागापर्यंत ताणलेले असतात.

असे का करतात, हे घर्षणात दडलेले आहे. बोल्ट आवळताना पान्याने दिलेल्या टॉर्कपैकी ढोबळमानाने निम्मा बोल्टच्या डोक्याखालच्या घर्षणात जातो आणि आणखी चाळीस टक्के आट्यांच्या घर्षणात. बोल्ट प्रत्यक्ष ताणण्यासाठी उरतो तो जेमतेम दहावा हिस्सा. म्हणून एका बोल्टचे आटे तेलकट आणि दुसऱ्याचे कोरडे असतील, तर ठरवलेल्या टॉर्कला 'कट्' वाजणारा टॉर्क पाना दोन्हीकडे एकाच आकड्याला वाजूनही त्यांच्या दाबात पंचवीस-तीस टक्क्यांचा फरक सहज पडू शकतो. कोनाचे तसे नाही. माझ्या बोल्टच्या दोन आट्यांमधले अंतर १.२५ मिलिमीटर आहे, त्यामुळे पाव फेरा फिरवला की आटा ०.३१ मिलिमीटर पुढे सरकणारच, तेल असो वा नसो. शिवाय आडव्या भागात पोहोचल्यावर पाच अंश कमी-जास्त झाले तरी दाब जवळजवळ तोच राहतो, आणि दहाही बोल्ट हेडला सारख्या जोराने धरून ठेवतात. बोल्टच्या डोक्यावर १०.९ असे कोरलेले असते. त्यातल्या दहाचा अर्थ असा, की ते पोलाद तुटेपर्यंत सुमारे १००० मेगापास्कल ताण सोसते, आणि .९ म्हणजे त्याच्या नव्वद टक्क्यांना, ९०० च्या आसपास, ते कायमचे लांबू लागते. दहा मिलिमीटर जाडीच्या अशा एका बोल्टचा दाब हिशेबाने साडेचार टनांच्या घरात जातो, म्हणजे दहा बोल्टांचा मिळून पंचेचाळीस टन. ज्वलनाचा धक्का, तापल्यावर पोलादाच्या जवळपास दुप्पट फुगणारे ॲल्युमिनियमचे हेड आणि पातळ पत्र्यांच्या थरांचे गॅस्केट, या सगळ्यांना हा दाब सांभाळून घेतो.

एवढा एकसारखा दाब मिळतो, पण त्यासाठी बोल्टची पहिली लांबी कायमची जाते. दुसऱ्यांदा तोच बोल्ट १८० अंश फिरवला, तर तो आधीच्या जागेवरून पुढे ताणला जातो, एखाद्या ठिकाणी बारीक होऊ लागतो, आणि दहांपैकी कोणता बोल्ट किती पुढे गेला आहे हे वरून पाहून कुणालाही सांगता येत नाही. हे समजल्यावर काम स्वतः करायचे मी ठरवले. दिवाळीची सुटी जवळ होती आणि घाई करण्याचे कारण नव्हते.

११ ऑक्टोबरच्या शनिवारी सकाळी रात्रभर थंड राहिलेल्या इंजिनावर काम सुरू केले. बॅटरी काढली, कूलंट आणि तेल उतरवले, प्रत्येक वायर आणि नळी सोडण्याआधी फोटो काढले, टायमिंगच्या, म्हणजे क्रँक आणि व्हॉल्व्ह यांचा मेळ दाखवणाऱ्या, खुणा जुळवून पांढऱ्या रंगाने पुन्हा ठळक केल्या. इथे घाई करणाऱ्याला पुढे सगळे पुन्हा करावे लागते, एवढेच सांगून पुढे जातो.

हेडचे बोल्ट बाहेरच्या टोकांकडून मध्याकडे, तीन टप्प्यांत सोडायचे असतात, नाहीतर हेड वाकते. साठ सेंटिमीटरच्या दांड्याला बोल्टच्या डोक्यावर बसणारी गोटी लावून पहिल्या बोल्टवर जोर दिला, तेव्हा बंदुकीचा चाप ओढल्यासारखा 'कट्ट' आवाज झाला आणि माझ्या पोटात गोळा आला. मला वाटले बोल्ट तुटला. तो तुटला नव्हता, ताण सुटताना तसा आवाज येतोच. दहाही बोल्ट निघाल्यावर पुठ्ठ्यावर इंजिनाचा आकार काढून त्याला दहा भोके पाडली आणि प्रत्येक बोल्ट आपापल्या जागेच्या भोकात उभा केला. हे नक्की करा. बोल्ट एका डब्यात टाकले असते, तर पुढे कळलेली सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट मला कळली नसती.

हेड उचलल्यावर गॅस्केट दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या मध्ये फुटलेले स्पष्ट दिसले. त्याच्या कडेला जुन्या सीलंटचे सुकलेले ओघळ होते आणि काही बोल्टांच्या डोक्यांचे कोपरे झिजले होते. कारखान्यातून आलेल्या इंजिनात हे दिसत नाही. गाडी मी २०१९ मध्ये जुनी म्हणून घेतली होती. म्हणजे त्याआधी कुणीतरी हे हेड एकदा उघडले होते.

१३ तारखेला, सोमवारी, सुट्या भागांच्या अधिकृत खिडकीवर गेलो. गॅस्केट त्यांच्याकडे होते, बोल्ट नव्हते. तिथल्या गृहस्थांनी संगणकात पाहून सांगितले, की बोल्ट मागवावे लागतील, त्यासाठी आरसीची प्रत द्यावी लागेल, सतरा अक्षरी चासी नंबर जुळवावा लागेल, पूर्ण रक्कम आगाऊ भरावी लागेल आणि मागवलेला माल परत घेतला जाणार नाही. आरसीची प्रत माझ्याजवळ नव्हती आणि फोनवर दाखवलेली चालेना, त्यामुळे घरी एक खेप झाली. चासी नंबर जरूर जुळवून घ्या. एकाच नावाच्या गाडीत वर्षानुसार बोल्टची लांबी बदललेली असू शकते. मी दहाऐवजी बारा बोल्ट मागवले, कारण कोनाच्या टप्प्यात काही चूक झाली तर तोच बोल्ट सोडून पुन्हा आवळता येत नाही. एका बोल्टचे करासह १६८ रुपये, बाराचे २,०१६. सुट्या भागांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के झाला आहे. त्याआधी बहुतेक भागांवर तो २८ टक्के होता, तेव्हा जुन्या किमतीचे लेबल दिसले तर बिलात दर पाहून घ्यावा. मुदत विचारली, तर सात ते दहा दिवस, पण मध्ये दिवाळी असल्याने वाहतूकवाल्यांचे सांगता येत नाही, असे उत्तर मिळाले. पावतीवर तारीख आणि भाग क्रमांक लिहून घेतला. हे विसरू नका, कारण पुढे चौकशी करताना नावाचा काही उपयोग झाला नाही, पावती क्रमांकाचाच झाला.

त्याच दुपारी हेड पोत्यात गुंडाळून रिक्षाने उद्यमनगरात, कोल्हापूरच्या कारखान्यांच्या वस्तीत, नेले. इंजिनाचे काम अडले की कोल्हापूरकराचे पाय आपोआप उद्यमनगराकडे वळतात, आणि मला तिथे अनुभवी माणूस मिळाला. त्यांचे वय साठीच्या पुढचे असावे, आणि दुकानात सगळे त्यांना मामा म्हणतात. त्यांनी सरळपट्टी हेडवर तिरकी ठेवून खाली फीलर गेजचे, म्हणजे ठरावीक जाडीच्या पत्र्याचे, पान सरकवले, मध्यभागी ०.०८ मिलिमीटरचे पान आत गेले. पुस्तकातली मर्यादा ०.०५ ची होती. हेड दाबाखाली तपासून त्याला तडा नसल्याची खात्री करणे, फेसिंग, म्हणजे पृष्ठभाग तासून सपाट, करणे आणि व्हॉल्व्हचे सील बदलण्याची मजुरी, हे सारे १,८०० रुपयांत ठरले. मी पिशवीतून दोन जुने बोल्ट काढून त्यांना दाखवले. त्यांनी एक बोल्ट चिंधीने पुसून उजेडाकडे धरला आणि बोटाने जागा दाखवली. "ह्यो बगा सर, कंबर बारीक झालीया." मला आधी काही दिसेना. त्यांनी मग एक कोरी नट घेतली आणि बोल्टवर हाताने फिरवली. दहा-बारा आटे ती सहज गेली आणि मग अडकून बसली. आटे स्वच्छ होते, कुठे मार लागला नव्हता; बोल्ट त्या जागी लांबल्याने आट्यांमधले अंतर बदलले होते आणि नटच्या आट्यांशी ते जुळत नव्हते.

त्या रात्री कॉलेजच्या प्रयोगशाळेतला मायक्रोमीटर आणि एका मित्राचा ०.०२ मिलिमीटरपर्यंत मोजणारा वर्नियर आणून सगळे बोल्ट मोजले. माझी नववीतली मुलगी आकडे लिहून घेत होती. बाहेरच्या सात बोल्टांची लांबी १४६.२ ते १४६.३ च्या दरम्यान आली. मधल्या तिघांची १४६.६८, १४६.७४ आणि १४६.८०. त्याच तिघांच्या आट्यांचा बाहेरचा व्यास एका ठिकाणी ९.९ वरून ९.६२ पर्यंत उतरला होता. मुलीने कागद पुठ्ठ्याशेजारी ठेवला आणि विचारले, "बाबा, हे तिन्ही दोन आणि तीन नंबरच्या सिलिंडरजवळचेच आहेत ना?" होय, ते तिथलेच होते. गॅस्केट जिथे फुटले होते, त्याच्या दोन्ही बाजूंना.

तरीही पुढचे दिवस सोपे गेले नाहीत. हेड १६ तारखेला तयार झाले, वसुबारस उजाडली, धनत्रयोदशी झाली, आणि बोल्टांचा पत्ता नव्हता. भाऊबीजेला सांगलीला बहिणीकडे जायचे होते. १९ तारखेच्या रविवारी मेहुणे आले, त्यांनी आवारातली उघडी गाडी पाहिली आणि जिव्हाळ्याने म्हणाले, की आत्ता जुनेच बोल्ट घालून सण साजरा करा, नवे आले की एकेक बदलता येतील. मी त्यांना सांगितले, की एकेक बोल्ट बदलता येत नाही. एकदा दाबलेले गॅस्केट दाब सुटल्यावर पुन्हा भरवशाचे राहत नाही, म्हणजे नवे बोल्ट आले की नवे गॅस्केटही लागणार. त्याच संध्याकाळी हार्डवेअरच्या दुकानात त्याच जाडीचे, त्याच लांबीचे, डोक्यावर १०.९ लिहिलेले बोल्ट पन्नास रुपयांना मिळत असल्याचेही दिसले, आणि दहा मिनिटे मी ते हातात घेऊन उभा होतो. ते ठेवून परत आलो. हेडच्या बोल्टची दांडी किती लांब आणि किती बारीक आहे, आटे किती लांबीपर्यंत आहेत, वरचा लेप कसा आहे, यावर तो नव्वद-नव्वद अंशांचा हिशेब बेतलेला असतो. दुसऱ्या बोल्टला तो लागू होत नाही. घरी आल्यावर बायको म्हणाली, "अहो, भाऊबीजेला एसटीनं जाऊ. गाडीचं काय ते सावकाश होऊ दे." त्यानंतर मनावरचे ओझे उतरले. २३ तारखेला आम्ही एसटीने सांगलीला गेलो.

वाट पाहण्याचे दिवस वाया गेले नाहीत. इंजिन ब्लॉकमधली बोल्टची भोके खालून बंद असतात, आणि हेड उचलताना त्यांत कूलंट आणि तेल उतरलेले असते. द्रव दाबून लहान होत नाही. भोकात ते तसेच राहिले आणि वरून बोल्ट उतरला, तर सगळा जोर ब्लॉकवर येतो आणि ब्लॉक तडकू शकतो. हेड वाचवायला निघालेल्या माणसाचे इंजिनच जाते. म्हणून मी आधी इंजेक्शनच्या सिरिंजला बारीक नळी लावून प्रत्येक भोकातले पाणी ओढून काढले, मग स्क्रू-ड्रायव्हरला गुंडाळलेल्या सुती फडक्याने तळ पुसला, आणि शेवटी पंक्चरवाल्याकडून तासाभरासाठी आणलेल्या कॉम्प्रेसरने हवा मारली. हवा मारताना चष्मा लावा आणि सिलिंडर फडक्याने झाका. आटे साफ करण्यासाठी नवे आटे पाडणारा टॅप वापरू नका, तो धातू कापतो. मी एका सुट्या बोल्टला कानशीने उभ्या तीन खाचा पाडून तो हाताने फिरवला; खाचांत घाण अडकून वर आली. ब्लॉकचा पृष्ठभाग प्लॅस्टिकच्या खरवडणीने साफ केला, पॉलिश पेपर लावला नाही.

टॉर्क पाना ३,२०० रुपयांना नवा घेतला होता, पण नवा आहे म्हणून तो बरोबर असेलच असे धरून चालणे मला पटत नव्हते. पान्याचे चौकोनी टोक व्हाइसमध्ये आडवे पकडले, पाना ४० न्यूटन मीटरवर लावला आणि टोकापासून ४० सेंटिमीटरवर, मुठीच्या मधोमध, दोरीने बादली टांगली. पान्याच्या स्वतःच्या वजनाचे सुमारे अडीच न्यूटन मीटर वजा केले, तर बादली ९.५७ किलोची झाली की पाना वाजायला हवा. तांब्याने हळूहळू पाणी ओतत गेलो, आणि पाना वाजताच बादली सामानाच्या काट्यावर तोलली. तीन वेळा ९.४ ते ९.८ किलो आले. एवढ्याने माझे समाधान झाले. हा प्रयोग कुणालाही घरी करता येतो.

बोल्ट २७ ऑक्टोबरला, सोमवारी आले. पुड्यावरचा भाग क्रमांक पावतीशी ताडून पाहिला आणि घरी येऊन बाराही बोल्ट मोजले: सर्व १४६.०० च्या आगेमागे, पाच शतांश मिलिमीटरच्या आत. पुठ्ठ्यातला मधला जुना बोल्ट आणि नवा बोल्ट काचेवर शेजारी उभे केले, तेव्हा पाऊण मिलिमीटरचा तो फरक पहिल्यांदा उघड्या डोळ्यांना दिसला.

२८ तारखेला सकाळी नवे गॅस्केट कोरडेच बसवले, हेड दोघांनी धरून सरळ खाली सोडले. माझ्या पुस्तकात आट्यांना आणि वायसरला इंजिन तेलाचा पातळ हात लावायला सांगितले होते, तेवढाच लावला. काही बोल्ट लेप लावूनच येतात आणि त्यांना तेल लावायचे नसते; आपल्या गाडीचे पुस्तक काय सांगते तेच करावे. दहाही बोल्ट आधी बोटांनी फिरवले. सहावा बोल्ट चार आटे वर असताना अडला. तो काढून पुन्हा हवा मारली, तर गॅस्केटचा जुना तुकडा बाहेर उडाला. पान्याने तो तसाच खाली नेला असता, तर पाना ठरल्या आकड्याला वाजला असता आणि बोल्ट मात्र ढिलाच राहिला असता.

मग मध्यापासून बाहेरच्या दिशेने, पुस्तकातल्या क्रमाने, सर्व बोल्ट ३० न्यूटन मीटरला आवळले. त्यानंतर प्रत्येक डोक्यावर घड्याळातल्या बाराच्या दिशेला पांढऱ्या रंगाचा ठिपका लावला. कोन मोजण्याची चकती मी ६५० रुपयांना आणली होती, पण खरा आधार या ठिपक्यांचाच झाला: पहिल्या ९० अंशांनंतर सगळे ठिपके तीनवर, दुसऱ्यानंतर सहावर. मुलगी क्रमांक वाचत होती आणि प्रत्येक बोल्टपुढे खूण करत होती. पहिल्या पाव फेऱ्यात विरोध वाढत गेलेला हाताला जाणवतो. दुसऱ्या पाव फेऱ्यात काही अंशांनंतर तो वाढायचा थांबतो. दांडा तितक्याच जोराने सरकत राहतो, आणि आता बोल्ट तुटणार अशी भीती वाटते. हाच तो आलेखाचा आडवा भाग आहे. तिथे थांबायचे नसते, झटकाही द्यायचा नसतो, एकाच संथ ओढीत पूर्ण कोन गाठायचा असतो. आठव्या बोल्टला गोटी निसटली आणि चकती हलली, कोन किती झाला ते कळेना. ठिपका जवळपास पाचवर होता, त्यामुळे उरलेला कोन स्पष्ट होता, आणि राखीव बोल्टला हात लावावा लागला नाही. अर्ध्या तासाच्या त्या कामात माझा शर्ट घामाने पूर्ण भिजला होता. शेवटी दहाही ठिपके सहावर आलेले पाहून आम्ही दोघे काही वेळ काहीच बोललो नाही.

टायमिंग जुळवून, क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून, तेल आणि कूलंट भरून ३० ऑक्टोबरच्या गुरुवारी संध्याकाळी इंजिन सुरू केले. हीटर सुरू ठेवून कूलंटमध्ये अडकलेली हवा काढली, पंखा दोनदा आपोआप लागून बंद होईपर्यंत गाडीजवळून हललो नाही. पाहायला आलेल्या शेजाऱ्यांनी हजार किलोमीटरनंतर हेड पुन्हा आवळून घेण्याचा सल्ला दिला. जुन्या धाटणीच्या गॅस्केटांना तो योग्य होता, कारण ती कालांतराने बसत. पत्र्याच्या थरांचे गॅस्केट आणि कोनाने आवळलेले बोल्ट यांना पुन्हा हात लावायचा नसतो, असे माझ्या पुस्तकात स्पष्ट आहे, आणि मी लावलेला नाही.

खर्च असा झाला: बोल्ट २,०१६, हेड गॅस्केट १,९५०, हेडचे काम १,८००, व्हॉल्व्हचे सील ६००, इतर गॅस्केटे १,२५०, थर्मोस्टॅट ७८०, कूलंट ९००, तेल आणि फिल्टर १,७५०, एकूण ११,०४६ रुपये. टॉर्क पाना, चकती आणि किरकोळ हत्यारे यांचे ४,३०० वेगळे. म्हणजे बोल्टांचा वाटा एकूण खर्चाच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी, आणि तेच जुने घातले असते तर बाकी सगळा खर्च पुन्हा करण्याची पाळी येऊ शकली असती.

असे बोल्ट केवळ हेडलाच नसतात. कनेक्टिंग रॉड, क्रँकची पुली, पुढच्या चाकाच्या ॲक्सलची नट, सस्पेन्शनच्या काही जोडण्या, काही गाड्यांत ब्रेक कॅलिपर, अशा ठिकाणीही ते आढळतात, आणि घरी काम करणाऱ्यांचा हात हेडपेक्षा याच जागांना आधी लागतो. दुरुस्तीपुस्तकात टॉर्कच्या आकड्यापुढे अंश लिहिलेले दिसले, की तिथे थांबून बोल्टबद्दलची टीप शोधावी. काही कंपन्या लांबीची किंवा व्यासाची मर्यादा देतात आणि त्या मर्यादेतला बोल्ट पुन्हा वापरू देतात. तिथे मोजून निर्णय घ्यावा. जिथे नवाच घाला असे लिहिले आहे, तिथे मोजत बसू नये.

५०० किलोमीटर झाल्यावर, १६ नोव्हेंबरच्या रविवारी, तेल पुन्हा बदलले. निघालेल्या तेलात पांढुरकेपणा नव्हता. दुपारी पन्हाळ्याला जाऊन आलो. वाघबीळच्या चढावर काटा मध्यावरच होता, आणि परतल्यावर कूलंटची पातळी मी बाटलीवर लावलेल्या खुणेला होती. कंबर बारीक झालेले तीन बोल्ट अकरावीच्या वर्गासाठी कॉलेजात ठेवले आहेत. उरलेले सात भंगारात द्यायचे होते. पण धुऊन पुसलेला असा बोल्ट अगदी नव्यासारखा दिसतो, म्हणून आधी ते व्हाइसमध्ये धरून ग्राइंडरने एकेक करून मधोमध कापले आणि मगच पिशवीत भरले.